थायरॉइड आणि कॉर्टिसॉल दोन्ही कमी: आधी कोणती गोळी?

दोन्ही गोळ्या लागणार असतील तर आधी कॉर्टिसॉलची (मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींतलं संप्रेरक), मग थायरॉइडची. हा क्रम उलटा झाला तर महागात पडतो. थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) सुरू झालं की शरीर कॉर्टिसॉल भराभर संपवू लागतं. ते मुळातच तुटपुंजं असेल तर उलट्या, चक्कर, रक्तदाब घसरणं असा ॲड्रिनल क्रायसिस, म्हणजे कॉर्टिसॉलच्या तीव्र तुटवड्याचा झटका, ओढवू शकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

म्हणून आधी खात्री करून घ्या. कॉर्टिसॉलसाठी रक्त सकाळी ८ च्या सुमारास द्यायचं. दुपारचा आकडा एरवीही कमीच येतो. ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली असेल तर कमतरता जवळपास नक्की, १८ च्या वर असेल तर शक्यता फारच कमी. अधलामधला आकडा आला की एसीटीएच स्टिम्युलेशन टेस्ट, म्हणजे इंजेक्शन देऊन कॉर्टिसॉल किती वाढतं ते बघणारी तपासणी. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे आकडा फुगतो, तर सांध्यातलं स्टेरॉइड इंजेक्शन, दम्याचा स्टेरॉइड पंप, इतकंच काय त्वचेचं स्टेरॉइड मलमही तो दाबू शकतं. हे डॉक्टरांना आपणहून सांगा. 'ॲड्रिनल थकवा' म्हणून जे विकलं जातं ते वैद्यकीय निदान नव्हे. त्यावरच्या पुड्यांत पैसे घालवू नका.

थकवा दोन्हींत असतो. पण वजन घटतंय, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, सारखं खारट खावंसं वाटतं, तळहाताच्या रेषा काळवंडल्यात, तर संशय कॉर्टिसॉलवर घ्यावा.

कमतरता ठरली की डॉक्टर बहुधा हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची गोळी) देतात: दिवसाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत, मोठा भाग उठल्याउठल्या. ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट करावा लागतो. किती आणि किती दिवस, हे आधीच लिहून घ्या. उलटीत गोळी टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि थेट रुग्णालय. गोळी अचानक बंद करायची नाही, बरं वाटलं तरी नाही.

टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक) थोडाच वाढलेला असेल तर कॉर्टिसॉलचे उपचार सुरू झाल्यानंतर तो पुन्हा तपासून घ्या. निव्वळ कॉर्टिसॉलच्या कमतरतेनेही तो वर जातो आणि उपचारांनंतर कधी आपोआप खाली येतो. दोष मेंदूतळाच्या पिट्युटरी ग्रंथीत असेल तर मात्र टीएसएचवर विसंबता येत नाही, फ्री टी-४, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन, बघावा लागतो.

थायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या आणि नाश्त्याआधी अर्धा ते एक तास सोडा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत ४ तासांचं अंतर हवं. डोस वाढवूनही टीएसएच हलत नाही, त्यामागे पुष्कळदा हीच चूक निघते. डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर त्याआधी किमान २ दिवस थांबवा, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो.

राहिलं आयोडीन, ज्यापासून थायरॉइड आपलं संप्रेरक बनवते. प्रौढाला रोज १५० मायक्रोग्रॅम पुरे, गरोदरपणी २५०. एकाच वेळच्या लघवीतल्या आयोडीनवरून एका माणसाची कमतरता ठरत नाही. किलोला ३० मिलिग्रॅम आयोडीन असलेल्या ५ ग्रॅम मिठात दिवसाची गरज भागते. आयोडीन उडून जाऊ नये म्हणून डबा घट्ट लावा, मीठ शेवटी घाला. ५ टक्के ल्यूगोल द्रावणाच्या (आयोडीनचं तीव्र द्रावण) एका थेंबात मात्र सुमारे ६ मिलिग्रॅम आयोडीन असतं, म्हणजे गरजेच्या चाळीसपट. हाशिमोटो (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो आजार) असलेल्याची मंद थायरॉइड त्याने आणखी मंदावू शकते.