आमवात असताना व्यायाम टिकवायचा कसा

मला आमवात होऊन सात वर्षं झाली. आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, वयाप्रमाणे गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. ह्यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उठते आणि मग बोटं, मनगटं, पावलं, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंची, सुजतात. पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होतो. आजाराआधी मी दर रविवारी पर्वती चढायचे, त्यामुळे निदान झाल्यावरची पहिली दोन वर्षं माझं एकच चालू होतं, जोशात सुरू करायचं, पंधरा दिवसांत बंद पडायचं, मग स्वतःला आळशी म्हणत बसायचं. जिमचे सहा महिन्यांचे पैसे असेच गेले.

घोटाळा कुठे होता ते फार उशिरा कळलं. सगळा बेत मी बऱ्या दिवशी, बऱ्या अंगाने करायचे, आणि पहिल्याच वाईट दिवशी तो कोलमडायचा. म्हणून आता उलट करते, आधी वाईट दिवसाचा व्यायाम ठरवते आणि बाकीचं त्यावर चढवते. कसं ते सांगते.

१. आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा

एक, माझ्या कुठल्या सांध्यावर भार द्यायचा नाही. दोन, माझ्या मानेचं काय. आमवात जुना असेल तर मानेच्या अगदी वरच्या मणक्यांचा जोड सैल पडलेला असू शकतो, त्यामुळे शीर्षासन, सर्वांगासन, मानेला झटके देणारं काहीही यूट्यूब बघून करू नका. आणि एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडे जाऊन या, दोन भेटींचे पैसे जिमच्या फीपेक्षा नक्कीच कमी पडतात.

२. तीन मापं ठरवा

आजीच्या धान्याच्या डब्यात चिपटं, मापटं आणि शेर असायचे, प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. मी व्यायामाला तीच नावं दिलीत, घरात सगळे हसतात पण लक्षात राहतं.

चिपटं म्हणजे ज्या दिवशी दुधाची पिशवीसुद्धा फोडता येत नाही त्या दिवसाचा व्यायाम. अंथरुणातच पाय लांब करून बसायचं किंवा आडवं पडायचं, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची आणि गुडघ्याने ती गादीत दाबायची. मांडीचा स्नायू वरून हात लावला तर घट्ट लागला पाहिजे. पाच आकडे मोजा, श्वास अडवून धरू नका, सोडा. एका पायाला दहा वेळा. मग घोटे वर-खाली, आणि शेवटी कोमट पाण्याच्या भांड्यात हात बुडवून बोटं हळूहळू मिटायची-उघडायची, मूठ पूर्ण होत नसेल तर जिथपर्यंत होईल तिथपर्यंत. पाच-सात मिनिटांत संपतं. कोणाला सांगायची लाज वाटावी इतकं ते छोटंच असलं पाहिजे, नाहीतर वाईट दिवशी तेही होत नाही.

मापटं म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं चालणं आणि खुर्चीतून हात न टेकता आठ वेळा उठणं-बसणं. शेर म्हणजे अर्धा तास चालणं, वर थोडं वजन. वजनासाठी मी मनगटाला बांधायचे वाळूचे पट्टे घेतलेत, डंबेलसारखी मूठ आवळावी लागत नाही. सूर्यनमस्कार मात्र मी सोडले, मनगटं धरतच नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, जुनाट आजार असलेल्या मोठ्या माणसांनाही तोच आकडा आहे. पण त्याच सूचना असंही म्हणतात की अजिबात न करण्यापेक्षा थोडं केलेलं चांगलं आणि हळूहळू वाढवा. हे दुसरं वाक्य कोणी फॉरवर्ड करत नाही.

३. पहाटेचा हट्ट सोडा

आपल्याकडे पहाटे पाचला उठून केला तरच तो व्यायाम. आमवातात सकाळी सांधे तासभर, कधी त्याहून जास्त आखडलेले असतात, तेव्हा ओढाताण करून काय मिळणार? गरम पाण्याने आंघोळ करा, अंग मोकळं झालं की बघा. माझी वेळ सकाळी अकरा, नोकरी असेल तर संध्याकाळ बरी. मेथोट्रेक्सेट (आमवातावरचं नेहमीचं औषध) चालू असेल तर ती गोळी आठवड्यातून एकदाच असते आणि बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशी मळमळ, गळाठा येतो, तर त्या दिवसावर आधीच चिपटं लिहून टाका. आधीच ठरवलेलं असलं की मन खात नाही.

४. बऱ्या दिवसाला आवरा

सगळ्यात अवघड हेच. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी एक दिवस असा उजाडला की काहीच दुखत नव्हतं, मग काय, अर्धा तास चालून आले, वर माळा काढला, पितळेची भांडी घासली, पडदे धुतले, सासूबाई म्हणत होत्या अगं बास कर आता, पण ऐकतंय कोण. दुसऱ्या दिवशी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला आणि पुढचे पाच दिवस गेले. चकल्या त्या वर्षी विकतच्या.

माझ्या फिजिओने तेव्हा दोन तासांचा हिशोब शिकवला. व्यायाम संपल्यावर दोन तासांनी सांधे आधीपेक्षा जास्त दुखत असतील तर जास्त झालं, पुढच्या वेळी कमी करायचं. स्नायू भरून आले तर चालतं. सांधा गरम आणि सुजलेला असेल तर त्याच्यावर भार नको, फक्त हळूच हलवून घ्या. आणि एकच सांधा अचानक लालबुंद, खूप गरम झाला किंवा सोबत ताप आला तर व्यायामाचा विचारही न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

५. कालनिर्णयवर लिहा

अॅप वापरून झालं. दहा हजार पावलं झाली नाहीत म्हणून रोज रात्री टुणटुण करायचं, काढून टाकलं. आता कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी एक अक्षर लिहिते, च, म किंवा शे. महिन्याला बारा-तेरा च असतात आणि ते मोजले जातात, रिकामा चौकोन तेवढा खाडा. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना त्या पानांचे फोटो नेते, सीआरपीच्या (अंगातली सूज किती ते सांगणारी रक्ततपासणी) रिपोर्टशेजारी ते बघितलं की कुठल्या आठवड्यात काय बिनसलं ते त्यांना पटकन कळतं. सलग आठवडाभर नुसते च पडले तर मी पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करते, कधीकधी औषधच बदलायची वेळ आलेली असते आणि आपण उगाच स्वतःला दोष देत असतो.

६. लोकांचं

दुखतंय तर पडून राहा, असं प्रेमाने सांगणारे भेटतील. फार पडून राहिलं की स्नायू पटकन उतरतात आणि सगळा भार सांध्यावर येतो, शिवाय आमवातात हृदयविकाराचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो, हे एकदा शांतपणे सांगायचं. दिसत तर काहीच नाही तुला, असं म्हणणाऱ्यांना मी काही सांगत नाही. सोबतीला मात्र कोणीतरी हवं. माझ्याबरोबर खालच्या मजल्यावरच्या काकू येतात, त्यांना मधुमेह आहे, आणि मी कधी अर्ध्यातून परत फिरले तर त्या फक्त बरं म्हणतात आणि आपला राउंड पूर्ण करतात.

७. खंड पडल्यावर

पडणारच. फ्लेअर येतो, म्हणजे आजार मधेच उसळतो, लग्नसराई असते, पावसाळ्यात पार्किंगमध्ये शेवाळ धरतं आणि घसरायची भीती वाटते (तेव्हा मी घरातल्या घरात, हॉल ते गॅलरी). परत सुरू करताना जिथे सोडलं होतं तिथून करू नका. पहिले तीन दिवस नुसतं चिपटं, कितीही बरं वाटलं तरी, मग आठवडाभर मापटं. राहिलेल्या दिवसांची थकबाकी भरायला जायचं नाही. गेल्या महिन्यात माझे अकरा दिवस रिकामे गेले, ते चौकोन तसेच सोडलेत आणि बाराव्याला च लिहिलाय.