सिझेरियनच्या जखमेतला संसर्ग मोजायला घेण्यापूर्वीची तयारी

रुग्णालयातल्या सगळ्या शस्त्रक्रिया एकदम मोजायला घेऊ नका. भरपूर होणारी एकच निवडा. बहुतेक सरकारी रुग्णालयांत ती सिझेरियन असते. हिला ३० दिवसांचा पाठपुरावा लागतो. कृत्रिम सांधा बसवलेल्या रुग्णांचा तोच ९० दिवस करावा लागतो, म्हणून त्याला नंतर हात घाला.

आधी संसर्ग कशाला म्हणायचं ते एका पानावर लिहून भिंतीला लावा. चिरेतून पू आला, तर वरवरचा संसर्ग धरायचा. दुखणं, सूज, लाली किंवा ऊब आहे म्हणून डॉक्टरांनी टाके उघडले आणि कल्चर (जंतू शोधायची प्रयोगशाळेतली तपासणी) पाठवलंच नाही, तरीही धरायचा. फक्त टाक्याच्या छिद्रापुरता पू असेल तर धरायचा नाही. निर्णय शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांवर एकट्यावर सोपवू नका. संसर्ग नियंत्रण सिस्टरनी आणि दुसऱ्या डॉक्टरांनी मिळून ठरवावं.

टक्केवारी काढायला लागणारी एकूण सिझेरियनची संख्या ओटी (ऑपरेशन थिएटर) रजिस्टरमधूनच घ्या, रात्रीच्या तातडीच्या केसेससह. त्या गाळल्या तर टक्केवारी छान दिसते, पण खरा धोका तिथेच जास्त असतो. प्रत्येक केसपुढे जखमेचा वर्ग (स्वच्छ की दूषित), एएसए वर्ग (शस्त्रक्रियेआधी रुग्णाची तब्येत कशी होती याची श्रेणी), चिरा दिल्याची आणि टाके संपल्याची वेळ, अँटिबायोटिकचं नाव, मात्रा आणि ते दिल्याची वेळ असे रकाने आखा. सेफाझोलिन हे अँटिबायोटिक चिरा देण्याआधीच्या ६० मिनिटांत गेलं पाहिजे. हे तपासायचं तर ओटीतलं भिंतीवरचं घड्याळ आणि मॉनिटरचं घड्याळ एकाच वेळेला लावून घ्या. दोघांत दहा मिनिटांचा फरक असला की सगळी नोंद वाया जाते. लागोपाठ सगळ्या केसेसना ९:००, ९:३० अशा गोल वेळा दिसल्या तर त्या नंतर बसून भरल्यात असं समजा.

सगळ्यात जास्त मेहनत डिस्चार्जनंतर आहे, कारण बराचसा संसर्ग घरी गेल्यावरच दिसतो. बाळंतीण माहेरी जाते आणि केसपेपरवर नंबर असतो नवऱ्याचा. जखम चिघळली तर ती माहेरच्या गावातल्या डॉक्टरकडे जाते, आपल्याला कळतही नाही. त्यामुळे डिस्चार्ज कार्ड देण्याआधी तिच्या आईचा किंवा भावाचा नंबर आणि माहेरच्या गावाचं नाव लिहून घ्या, आणि नंबर तिथेच लावून पाहा. सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी फोन करा. “बरं आहे ना?” असं विचारलं की “हो” एवढंच उत्तर येतं. टाक्यांतून पाणी किंवा पू आला का, टाका उघडावा लागला का, कुणी पुन्हा अँटिबायोटिक लिहून दिलं का, ड्रेसिंग कोण करतं, असं नेमकं विचारा. आशाताई ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळाला पाहायला घरी जातातच. फोन न लागलेल्यांची यादी त्यांच्याकडे द्या.

तक्ता काढताना टक्केवारी एकटी लिहू नका. समजा २०० सिझेरियन झाल्या, संपर्क १२० जणींशी झाला आणि संसर्ग ६ जणींना निघाला. याला सरळ ३ टक्के म्हटलं, तर ज्यांचं काहीच कळलं नाही त्या ८० जणी आपण बऱ्या धरल्या. तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. महिन्याला वीसच केसेस होत असतील तर एका संसर्गाने आकडा ५ टक्क्यांनी हलतो. तिथे तिमाहीचा हिशोब करा.