कोलेस्टेरॉलची गोळी घेताना या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा मधुमेह असलेल्या अनेकांना ॲटोरव्हास्टॅटिन अथवा रोसुव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी सुरू असते. घरात तिला ‘चरबीची गोळी’ म्हणतात. ती मनानेच बंद करणे ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे. रिपोर्ट नॉर्मल आला की ‘आता कशाला?’ म्हणून गोळी थांबते; पण रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच, कारण यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची क्रिया ती रोखून धरते, आणि ती सुटली की काही आठवड्यांतच एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पुन्हा वाढते. सोयाबीन विकेपर्यंत हाती पैसा नसेल, तर खंड पाडण्याआधी सरकारी दवाखान्यात किंवा जनऔषधी केंद्रात चौकशी करावी.

दुसरी चूक म्हणजे नव्या डॉक्टरांना या गोळीबद्दल न सांगणे. पावसाळ्यात चिखलात राबून जांघेत गजकर्ण होते आणि त्यासाठी अनेकदा इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल दिल्या जातात. छातीच्या संसर्गावर क्लॅरिथ्रोमायसिन दिले जाते. या दोन्ही औषधांमुळे ॲटोरव्हास्टॅटिनचे रक्तातील प्रमाण वाढून स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो, म्हणून खाज-खरजेसाठी गेलात तरी चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

कापूस वेचणीच्या दिवसांत अंग दुखणारच, त्यामुळे गोळीने होणारी स्नायूदुखी ओळखणे कठीण जाते. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे सारखेच दुखत असतील, विश्रांतीनेही आराम पडत नसेल, ओट्यावरून उठताना पायांत बळ वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. त्यासोबत लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. साध्या दुखण्यावर मात्र डोस कमी करणे किंवा गोळी बदलणे हा मार्ग डॉक्टरांकडे असतो.

पाकिटावरचे मोठे नाव पाहून फसू नये. ‘रक्त पातळ करण्याची’ म्हणून दिलेल्या कॅप्सूलमध्ये बरेचदा ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनसोबत १० मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिनही असते, आणि वेगळी गोळी चालू असल्यास तेच औषध नकळत दोनदा पोटात जाते. बारीक अक्षरातले घटक फार्मासिस्टकडून वाचून घ्यावेत.

ॲटोरव्हास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन दिवसाच्या कोणत्याही ठरलेल्या वेळी चालतात. याच प्रकारातली सिमव्हास्टॅटिन मात्र रात्री घ्यावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नयेत. रोसुव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी ॲसिडिटीचे पातळ औषध त्यानंतर दोन तासांनी घ्यावे. मे महिन्यात पत्र्याखालच्या फळीवर पाकीट ठेवू नये. घरातली थंड, कोरडी जागा निवडावी. गर्भधारणेचा विचार असलेल्या किंवा पाळी चुकलेल्या स्त्रीने या गोळीबाबत लगेच डॉक्टरांशी बोलावे, तसेच बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईनेही विचारल्याशिवाय ती घेऊ नये.