एनएसएसच्या कॅम्पला पहिल्यांदाच जाताय? मग हे वाचून जा

डिसेंबर उजाडला की ज्युनिअर्सचे मेसेज चालू होतात. ताई, कॅम्पला काय काय न्यायचं, झोपायची सोय कशी असते, पहाटे पाचला खरंच उठवतात का, आंघोळीला गरम पाणी मिळतं का. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. मी टीवायला म्हणजे डिग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, माझे दोन कॅम्प झालेत, आणि पहिल्या कॅम्पात आमच्या ग्रुपकडून एक चूक झाली होती ती अजून डोक्यातून जात नाही. खरं सांगायचं तर हे लिहायला त्या चुकीमुळेच बसलेय. ती पुढे येईलच.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांमध्ये सुरू झाली, तेव्हा साधारण ४० हजार स्वयंसेवक होते. वर्षाला १२० तास असे दोन वर्षांत २४० तास भरायचे आणि त्याशिवाय एकदा ७ दिवसांचं विशेष शिबिर, दत्तक घेतलेल्या गावात. बॅजवरचं चाक कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं आहे, त्याचे ८ आरे म्हणजे दिवसाचे ८ प्रहर. बरेच जण सर्टिफिकेट आणि ग्रेस मार्कांसाठी नाव देतात, मीही तशीच आले होते, त्यात काही चुकीचं नाही. पण ७ दिवस घरापासून लांब राहणारच आहात तर नुसतं सर्टिफिकेट घेऊन येऊ नका, अजून बरंच काही मिळतं तिथे.

सामान कमी न्या. मुक्काम बहुतेक वेळा जिल्हा परिषदेच्या शाळेत नाहीतर मंदिराच्या सभामंडपात असतो, खाली फरशी असते आणि जानेवारीची थंडी असते, त्यामुळे एक जाड सतरंजी आणि एक पांघरूण हे सगळ्यात महत्त्वाचं. कानटोपी, टॉर्च, स्वतःचं ताट-वाटी-पेला, ओडोमॉस, फुल बाह्यांचे जुने कपडे, बंद बूट. चप्पल घालून टिकाव चालवायचा नाही, हे मी हात जोडून सांगते. वर्गात प्लगपॉइंट एकच असतो आणि पोरं पन्नास, म्हणून कुणीतरी एकाने एक्स्टेंशन बोर्ड आणा. मुलींनी पॅड जास्तीचे ठेवा आणि सोबत जुने पेपर आणि एक वेगळी पिशवी ठेवा, कारण गावात वापरलेले पॅड टाकायची सोय असेलच असं नाही, पहिल्याच दिवशी मॅडमना विचारून ठरवून घ्या. लाजू नका, सगळ्यांनाच लागतं.

आता श्रमदान. सकाळी प्रभातफेरी, नाश्ता आणि मग दुपारपर्यंत हेच. ज्यांनी कधी टिकाव धरला नाही त्यांचे पहिल्या दिवशीच हात फुटतात, कारण आपण दांडा गच्च आवळून धरतो. एक हात दांड्याच्या टोकाला पक्का ठेवायचा आणि दुसरा सरकता ठेवायचा, टिकाव वर नेताना तो हात पुढे आणि खाली आणताना मागे. पाय फाकवून उभं राहायचं, आणि ताकद लावून मारायचा नाही, टिकावाच्या वजनानेच तो खाली येतो. हे मला गावातल्या एका मामांनी दाखवलं, ते पाच मिनिटं नुसते बघत उभे होते आणि मग न बोलता माझ्या हातातून टिकाव घेऊन दोन घाव घालून दाखवले. फोड आला तर फोडू नका, फडकं बांधा आणि घमेल्याच्या साखळीत उभे राहा, तिथेही तेवढंच काम असतं.

वनराई बंधारा, म्हणजे नाल्याचं पाणी अडवायला पोत्यांचा कच्चा बांध, करणार असाल तर पोतं पाऊणच भरा. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात माती-वाळू भरून, तोंड शिवून, नाल्यात आडवी रचत जायची असतात. आम्ही आधी हौसेने गच्च भरली, तर ती फुगून गोल झाली, एकमेकांवर बसेचनात आणि मधल्या फटींतून पाणी निघून जायला लागलं. पाऊण भरलेलं पोतं दाबलं की चपटं होतं आणि खालच्यावर नीट बसतं. आणि विटांची भिंत असते तसे सांधे मोडून रचा, एका थराचा सांधा वरच्या थराच्या पोत्याखाली गेला पाहिजे. पण नाला वाहता असेल तरच याला अर्थ आहे, कोरड्या नाल्यात बांधून काय अडवणार. म्हणून कॅम्प उशिरा असेल तर आधी गावात जाऊन पाणी चालू आहे का ते बघून या.

आता ती चूक. पहिल्या वर्षी आमच्या गटाला एका आजींच्या घरामागे शोषखड्डा करायचा होता. मोरीचं पाणी गल्लीत साचायचं, डास व्हायचे, त्यासाठी. शोषखड्डा म्हणजे फार अवघड नसतं, साधारण एक मीटर लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा, तळाला मोठे दगड, त्यावर मध्यम, वर बारीक, आणि तोंडाशी भोकं पाडलेलं मडकं ज्यात काथ्या घालतात, म्हणजे खरकटं वर अडकतं आणि नुसतं पाणी खाली मुरतं. विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर तिथे खणायचा नाही, एवढं आम्हाला सांगितलेलं होतं आणि ते आम्ही पाळलं. जागा आम्ही ठरवली, फक्की मारली, माती मऊ होती म्हणून खूश झालो. आजी दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, "पोरींनो, पानी हिकडं येत न्हाई, उतार तिकडं हाय." आम्ही ऐकलं पण ऐकलं नाही. फक्की मारून झाली होती, तिकडची जमीन मुरमाड होती, आणि संध्याकाळपर्यंत संपवायचं होतं. संपवला, फोटो काढले, टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी त्याच गावात गेलो तेव्हा मी पहिली तिथे गेले. खड्डा कोरडा होता, त्यात वाळका पाला आणि वेफर्सची पाकिटं पडलेली, आणि मोरीचं पाणी गल्लीत जसं होतं तसंच साचलेलं. आजींनी ओळखलं, आत बोलावलं, चहा दिला. खड्ड्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

म्हणून माझा सगळ्यात मोठा सल्ला हा आहे की पहिला अख्खा दिवस टिकावाला हात लावू नका. गावात फिरा, विचारा, ऐका. सर वेळापत्रक देतात त्यात पहिल्या दिवशी उद्घाटनाचा कार्यक्रम असतो, तो झाला की दुपार मोकळी मागून घ्या, आमच्या सरांनी दुसऱ्या वर्षी दिली होती. आणि शोषखड्डा असेल तर फक्की मारायच्या आधी मोरीत बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातंय ते बघा. दोन मिनिटं लागतात.

सर्वेक्षणाचे फॉर्म मिळतात तेव्हाही तेच. सकाळी दहाला घरोघर गेलात तर बायका शेतावर गेलेल्या असतात, घरी असतात ती लहान मुलं आणि म्हातारी माणसं. संध्याकाळी धारा काढून झाल्यावर जा, दोघं-दोघं जा, त्यात एक तरी मुलगी असू द्या. बसा म्हणाले की खाली बसा, पाणी दिलं की प्या. फॉर्म लगेच बाहेर काढू नका. फॉर्मवरचा पहिला प्रश्न शौचालय आहे का असा असतो, तो पहिला विचारला की माणूस आखडतो आणि मग सगळ्याला हो म्हणत सुटतो. मी पाण्यापासून सुरुवात करते, काकू पाणी कुठून आणता, उन्हाळ्यात किती खेपा होतात. एवढं विचारलं की पुढचं त्या आपणहून सांगतात, विहिरीचं, लाइटचं, लेकीच्या शाळेची एसटी बंद झाली त्याचं, आणि त्यातून अर्धा फॉर्म भरून होतो. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि कुणी म्हणालं की आमच्या गल्लीत नळ करून द्या, तर हो बघतो असं चुकूनही म्हणू नका. आपण सात दिवसांनी निघून जातो, त्यांनी तो शब्द धरून ठेवलेला असतो.

रात्री सांस्कृतिक कार्यक्रमात आपले डान्स, नाटुकली सगळं होतंच, पण एखादी रात्र गावच्या भजनी मंडळाला द्या. आमच्याकडे त्या रात्री सगळ्यात जास्त गाव जमलं होतं. गाडगेबाबा दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे, हे शाळेत पाठ केलं होतं. दिवसभर गटारं काढून रात्री त्याच माणसांच्या शेजारी मांडी घालून बसल्यावर ते मला पहिल्यांदा कळलं. ज्यांच्या दारातला कचरा आपण काढला ते लोक रात्री आपल्याशी वेगळं बोलतात.

आता डायरी. कॅम्पची डायरी सगळ्यांनाच लिहायला लावतात आणि बहुतेक जण शेवटच्या रात्री सात दिवसांचं एकदम लिहितात, मग त्यात फक्त "खूप छान अनुभव आला, खूप काही शिकायला मिळालं" एवढंच उरतं. रोज झोपायच्या आधी दहा मिनिटं लिहा, टॉर्चच्या उजेडात का होईना. आज कोण भेटलं, ते काय म्हणालं, त्यांच्याच शब्दांत. त्यांची बोली सुधारून लिहू नका. आजींचं ते "उतार तिकडं हाय" माझ्या पहिल्या वर्षीच्या डायरीत त्याच रात्री लिहिलेलं आहे, आणि खाली मी लिहिलंय "आज खड्डा पूर्ण झाला, मस्त वाटलं." दोन ओळी एकाखाली एक. वर्षभराने ते पान उघडलं तेव्हा घशात आवंढा आला.

समारोपाला मनोगत बोलायला लागतं, त्याचं सगळ्यांना टेन्शन. सात दिवसांचं सगळं सांगायला जाऊ नका, एक माणूस नाहीतर एक प्रसंग निवडा आणि दोन मिनिटांत तेवढाच सांगा. आभारांची यादी बाकीचे वाचतातच. समोर गावातली माणसं बसलेली असतात हे लक्षात ठेवा, "या अडाणी लोकांमध्ये जागृती केली" असलं वाक्य मी एका मनोगतात कानांनी ऐकलंय आणि पहिल्या रांगेत बसलेल्या मामांचा चेहरा पण बघितलाय.

कॅम्पसमधले तासही नुसते भरू नका. आमच्या कॉलेजच्या रक्तदान शिबिरात मी नोंदणीच्या टेबलावर होते. नियम माहीतच असतील, वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन निदान १२.५, पुन्हा द्यायचं तर पुरुषांनी ३ महिन्यांनी आणि बायकांनी ४ महिन्यांनी. मुली उत्साहाने रांगेत यायच्या आणि बोटाला सुई टोचून झाली की एकेक जण परत जायची, हिमोग्लोबिन कमी. माझी बेंचमेट पण परत गेली, आणि मग मी सहज तपासलं तर माझंही ११.२. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. आकडा वाचलेला होता, पण त्या दिवशी ती रांग समोर होती. नंतर आम्ही फक्त मुलींसाठी हिमोग्लोबिन तपासणी ठेवली आणि ज्यांचं कमी आलं त्यांना सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या कुठे मिळतात ते लिहून दिलं. तुमच्याकडे रक्तदान असेल तर परत जाणाऱ्या मुलींसाठी शेजारी एक टेबल लावा, तिथे कुणीतरी बोलायला बसू द्या. नुसतं "तुम्हाला देता येणार नाही" म्हणून पाठवू नका.

कॅम्प संपल्यावर काय, हे कुणी विचारत नाही. सर्वेक्षणाचे फॉर्म डिपार्टमेंटच्या कपाटात जातात. ते जाऊ देऊ नका. आकडे एका पानावर काढा, किती घरांना नळ नाही, किती गल्ल्यांत पाणी साचतं, सरांच्या सहीने ते पान ग्रामपंचायतीला द्या. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा होतात. कॅम्प जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असेल तर २६ तारीख दोन आठवड्यांवर असते, दोघं-तिघं त्या दिवशी गावात परत जा. आम्ही गेलो होतो. ते पान सरपंच ताईंनी स्वतः वाचून दाखवलं, मागच्या बाजूला बसलेल्या बायका मध्येच म्हणाल्या की अजून दोन घरं राहिलीत, आणि ती दोन घरं आम्ही तिथेच पेनाने लिहिली.

दुसऱ्या वर्षी आजींचा खड्डा आम्ही नव्याने केला. या वेळी पाणी त्यांनीच ओतलं, आणि काठीने मुरमात रेघ ओढून दाखवली. पावणेदोन दिवस लागले, एक पहार वाकली.

यंदा तुमची बॅच त्याच गावात जातेय असं कळलं. शाळेच्या मागच्या गल्लीतलं शेवटचं घर. मोरीच्या मागे मडकं दिसेल, त्यातला काथ्या बाहेर काढून बघा. काळा झाला असेल तर धुवून परत बसवा, फारच कुजला असेल तर नवा घाला, जाताना थोडा घेऊनच जा. आजींना आता खाली वाकता येत नाही.