पिलाटीस: पाय उचलण्याआधी कंबर बघा

पिलाटीस ही व्यायामपद्धती सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात नेहमी येणारी तक्रार म्हणजे पोटाचा व्यायाम केला आणि दुखली कंबर. याचं कारण बहुतेक वेळा सोआस नावाच्या स्नायूत असतं. हा स्नायू कमरेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी निघतो, जांघेतून खाली उतरतो आणि मांडीच्या हाडाला आतल्या बाजूने जोडला जातो. मांडी वर उचलायचं काम त्याचं. पण तो पाय वर घेताना कमरेचे मणकेही पुढे खेचतो. पोटाच्या स्नायूंनी त्याच वेळी ओटीपोट धरून ठेवलं नाही, तर कंबर मॅटवरून कमानीसारखी उचलली जाते आणि सगळा ताण मणक्यांवर येतो. म्हणून सुरुवातीचे काही दिवस पाय किती वर जातो यापेक्षा तो उचलताना कंबर काय करते, इकडे लक्ष हवं.

आधी साधन. योगाच्या पातळ मॅटवर पाठीचे मणके टोचतात. १० ते १५ मिलिमीटर जाडीची मॅट बरी. नसेल तर सतरंजीची दुहेरी घडी चालेल. गादी मात्र नको, कारण ओटीपोट किती कलतंय ते मऊ पृष्ठभागावर कळतच नाही.

उताणे झोपा, गुडघे वाकवा, पावलांमध्ये कमरेच्या रुंदीइतकं अंतर ठेवा. कमरेच्या पुढच्या बाजूला दोन टोकदार हाडं लागतात, त्यांवर तळहातांच्या टाचा टेकवा आणि बोटांची टोकं खाली मध्यभागी लागणाऱ्या हाडावर जुळवा. हाताचा त्रिकोण होईल. आता ओटीपोट नाभीच्या दिशेने कलवा, कंबर मॅटला टेकेल. मग उलट कलवा, कंबर उचलेल. असं पाच-सहा वेळा करून मधे थांबा, जिथे त्रिकोण जमिनीला समांतर आहे तिथे. ही तुमची तटस्थ स्थिती. कमरेखाली थोडी पोकळी राहील. ती किती, हे प्रत्येकाच्या बांध्यावर ठरतं. नितंब भरलेले असतील तर जास्त दिसेल, त्यात चूक काही नाही. पोकळी बोटांनी मोजत बसू नका, त्रिकोण बघा.

मग श्वास. योगाची सवय असलेल्यांचा इथे गोंधळ होतो, कारण तिथे शिकलेल्या पोटाच्या श्वासात पोट मोकळेपणाने फुगतं, तर इथे श्वास बरगड्यांच्या बाजूंना आणि पाठीकडे न्यायचा असतो. छातीच्या खालच्या भागाभोवती ओढणी गुंडाळून टोकं हातात धरा. नाकाने श्वास घेताना ओढणी दोन्ही बाजूंना ताणली गेली पाहिजे. खांदे कानांकडे जात असतील तर श्वास वरच अडकलाय. सोडताना चहा निववायला फुंकर घालतो तसा तोंडाने, सावकाश. श्वास सोडताना श्वासपटल वर सरकतं आणि पोटाचा सर्वांत आतला, आडवा स्नायू सहज कामाला लागतो. जड भाग उच्छ्वासावर करायचा तो यासाठी.

हा आडवा स्नायू खालच्या सहा बरगड्यांपासून कमरेच्या हाडापर्यंत पसरतो आणि मागे पाठीच्या आवरणापासून पुढे पोटाच्या मधल्या रेषेपर्यंत पोटाला वेढा घालतो. त्याला हाताने शोधता येतं. कमरेच्या टोकदार हाडांपासून दोन बोटं आत आणि किंचित खाली दाबा, श्वास सोडा, आणि लघवी थांबवताना करतो तसं खालून हलकंसं वर घ्या. बोटांखाली मऊ ताण जाणवला तर बरोबर. बोटं बाहेर ढकलली गेली, तर तुम्ही पोट आवळण्याऐवजी खाली जोर देताय. ताकद दहापैकी तीन. नाभी पाठीला चिकटवण्याच्या नादात श्वास कोंडतो आणि बरगड्या आखडतात. ताण धरून एखादं वाक्य बोलून बघा. बोलता येत नसेल तर जोर कमी करा. आणि ही क्रिया प्रत्यक्ष लघवी करताना सरावाला घेऊ नका.

आता पाय, एका वेळी एकच. श्वास घ्या, सोडायला लागा, पोटाखाली ताण येऊ द्या आणि मग उजवा पाय उचला: गुडघा कमरेच्या सांध्यावर, नडगी जमिनीला समांतर. वर श्वास घ्या, सोडत खाली ठेवा. प्रत्येक बाजूला सहा ते आठ वेळा. पाऊल जमीन सोडायच्या अगदी आधीचा क्षण बारकाईने बघा. बहुतेकांचं डावं पाऊल त्या वेळी जमिनीत दाबलं जातं आणि ओटीपोट डावीकडे कलतं. कमरेच्या हाडांवर हात ठेवलेत तर लगेच कळेल. पाय उचलायचा वेग निम्म्यावर आणा आणि पाऊल दोन इंचच वर घ्या.

हे स्थिर झालं की दोन्ही पाय वर घ्या, एकामागून एक, आणि आळीपाळीने अंगठा जमिनीला टेकवून परत या. दोन्ही पाय हवेत असताना कंबर मॅटला टेकवावी की तटस्थ ठेवावी, यावर शिकवणाऱ्यांत मतभेद आहेत. सुरुवातीला टेकवणं सुरक्षित. पाय खाली नेताना कंबर जिथे सुटायला लागते, तिथून वर परत फिरा.

डोकं उचलायचा व्यायाम यानंतर. हात डोक्यामागे, हनुवटी थोडी आत, नजर मांड्यांकडे. खांद्याच्या पात्यांची खालची टोकं मॅटवरच राहतात. मान दुखत असेल तर हनुवटी पुढे निघालीय किंवा हात डोकं खेचतायत. पोटाच्या मधोमध उभा उंचवटा फुगला तर तिथेच थांबा. बाळंतपणानंतर हे खूपदा दिसतं. मधली रेष ताणलेली असते. तेव्हा फिजिओथेरपिस्टला दाखवून पुढे जावं. हाडं ठिसूळ झाली असतील तर कणा पुढे वाकवणारे प्रकार टाळावेत, आणि गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांनंतर फार वेळ उताणं झोपू नये.

पद्धतीचे जनक जोसेफ पिलाटीस (जन्म १८८३, जर्मनी) यांच्या मॅटवरच्या ३४ व्यायामांची सुरुवात ‘हंड्रेड’ने होते: डोकं आणि सरळ पाय उचललेले, हात वर-खाली, पाच ठोक्यांत श्वास आत, पाचात बाहेर, असे एकूण १०० ठोके. क्रमात पहिला असला तरी दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यासाठी तो सोपा नाही. गुडघे वाकवून, नडग्या समांतर ठेवून तीन-चार श्वासांपासून सुरू करा. हात खांद्यातून, वीतभरच हलवा. मनगटं फडफडवू नका. मान थकली तर डोकं खाली ठेवा, हात आणि श्वास चालू ठेवा. कंबर सुटत नाही अशी खात्री झाली की दर आठवड्याला एक-दोन श्वास वाढवा, आणि दहा श्वास पुरे झाल्यावरच पाय सरळ करायला घ्या, तेही आधी छताच्या दिशेने.