न धुतलेली चादर

दत्तक आलेलं मूल नव्या घरात रात्री दचकून उठू शकतं; तिथला एकही वास ओळखीचा नसणं हे त्याचं एक कारण असू शकतं. सोलापुरातून परदेशी आईबाबांकडे जाणाऱ्या मुलाचंही तेच.

उपाय आपल्याच गावचा:

१. सोलापुरी चादर दोनदा धुऊन खळ काढा. दशा (टोकाचे सुटे धागे) कापून काठ दुमडून शिवा. दशांत बोटं अडकतात.
२. मधोमध कापून दोन तुकडे करा. दत्तक देणाऱ्या संस्थेला विचारून, मूल घरी येण्याच्या 15 दिवस आधी एक मुलाच्या अंथरुणात, दुसरा नव्या आईच्या उशाखाली.
३. घरी दोन्ही एकत्र वापरा.

मळली तरी धुवायची घाई नको. आजीनं मायेनं साबणात बुडवली की ओळखीचा वास गेलाच! पुढे धुताना एकेकच तुकडा.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात चादर ठेवू नका, श्वास कोंडू शकतो. कडेवर घेताना तुमच्या खांद्यावर टाका.