एलिक्सिर वापरताय? सगळा भार एकाच जेनसर्व्हरवर टाकू नका

महापे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात, वाशीच्या मार्केट यार्डात येणाऱ्या ट्रकांचं ट्रॅकिंग आम्ही एलिक्सिर या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं होतं. दिवसभर सगळं सुरळीत चालायचं. पहाटे भाजीपाल्याच्या गाड्या एकदम यायला लागल्या की मात्र लॉगमध्ये टाइमआउटच टाइमआउट. आणि सीपीयू निवांत!

सीपीयू मोकळा आणि टाइमआउट चालू, असं दिसलं की आधी मेलबॉक्स, म्हणजे प्रोसेसकडे आलेल्या मेसेजांची रांग, बघा. आम्ही सगळ्या ट्रकांची माहिती एकाच जेनसर्व्हरमध्ये, म्हणजे माहिती सांभाळून प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या एकाच प्रोसेसमध्ये, ठेवली होती. एक प्रोसेस (एलिक्सिरमधलं स्वतंत्र चालणारं छोटं काम) एका वेळी एकच मेसेज हाताळते. बाकीचे मेलबॉक्समध्ये थांबतात, आणि त्या मेलबॉक्सला मर्यादा नसते.

जेनसर्व्हरला विचारलेल्या प्रश्नाला, म्हणजे कॉलला, वेगळं काही सांगितलं नसेल तर 5 सेकंदांत उत्तर आलं नाही की विचारणारी प्रोसेस पडते. तिचा प्रश्न मात्र सर्व्हरच्या मेलबॉक्समध्ये तसाच पडून राहतो. सर्व्हर त्यावर काम करतो, पण उत्तर घ्यायला कुणी उरलेलं नसतं. तोवर ॲपने तेच पुन्हा विचारलेलं असतं, म्हणजे रांग आणखी लांबते. आम्ही आधी टाइमआउट 30 सेकंदांवर नेला. ते कृपा करून करू नका. रांग तेवढीच राहते, फक्त आपल्याला उशिरा कळतं.

रांग कुठे आहे ते शोधायला चालू नोडला (चालू असलेल्या ॲपला) रिमोट शेल जोडा आणि प्रत्येक प्रोसेससाठी प्रोसेस.इन्फोमधून मेसेज_क्यू_लेन, म्हणजे रांगेची लांबी, काढा. आमच्याकडे बाकी सगळे आकडे शून्याच्या आसपास होते, एकच हजारांत. ऑब्झर्व्हर या सोबत येणाऱ्या पाहणीच्या साधनातही हेच दिसतं.

मग आम्ही प्रत्येक ट्रकला स्वतंत्र प्रोसेस दिली, डायनॅमिकसुपरवायझरखाली (सुपरवायझर म्हणजे पडलेल्या प्रोसेस पुन्हा उठवणारी प्रोसेस), आणि ती नावावरून शोधायला रजिस्ट्री. नुसतं वाचायचं असेल ते ईटीएस या मेमरीतल्या सामायिक तक्त्यातून. एलिक्सिर ज्यावर उभी आहे ती एर्लांग भाषा 1986 च्या सुमारास एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी जन्माला आली. तिथे एक फोन अडकला म्हणून दुसरा थांबून चालत नाही. ट्रकांचंही तसंच आहे.

हे करताना गाडीच्या नंबराचा ॲटम (एलिक्सिरमधलं कायमचं नोंदवलं जाणारं नाव) बनवायचा मोह होतो. टाळा. ॲटम कधीच साफ होत नाहीत. 10,48,576 ही नेहमीची मर्यादा ओलांडली की अख्खं व्हीएम (सगळ्या प्रोसेस जिच्यात चालतात ती व्हर्च्युअल मशीन) बंद पडतं, तिथे सुपरवायझरही काही करू शकत नाही. रजिस्ट्रीला स्ट्रिंग चालते.

सुपरवायझरबद्दलही एक गैरसमज आहे, की तो कायम उठवत राहील. एलिक्सिरमध्ये वेगळं काही सांगितलं नसेल तर 5 सेकंदांत 3 रीस्टार्टपर्यंतच तो धीर धरतो. त्यापुढे तो स्वतःच पडतो आणि वरच्या सुपरवायझरला कळवतो. म्हणून इनिटमध्ये, म्हणजे प्रोसेस सुरू होतानाच, डेटाबेसला जोडायचा हट्ट धरू नका. डेटाबेस दोन मिनिटं बंद असेल तर अख्खं ॲप खाली येईल. प्रोसेस आधी उभी राहू द्या, जोडणी नंतर करा, आणि ती फसली तर थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करणारा मेसेज तिने स्वतःलाच पाठवावा.